हातचा

मर्ल टॉफ्टे बूट दाराशी काढून ठेवतो.
एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक आहे.
माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर
तो माझ्या अपंगत्वाचे तीन नमुने मांडतो:
एक निळी फाइल, एक करडी,
आणि एक, जी त्याला स्वतःलाच आवडत नाही.

खिडकीत सुपीरिअर सरोवर काठाकाठानं गोठत चाललंय.
लोहखनिज नेणारी शेवटची बोट
डुलुथच्या पुलाखालून भोंगा देत गेली
की मग मार्चपर्यंत सगळं बंद.

"डॉक्टर कायसा, तुम्ही नेमकं करता काय?"
डोळ्याच्या आत जाते, मी सांगते.
पडद्यावर साय धरलेली असते, ती चिमट्यानं सोलते.
कांद्याचा पापुद्रा तिच्यापुढे घोंगडी.
तो लिहितो: नेत्रशल्यविशारद.
खोडतो. लिहितो: फक्त दृष्टिपटल.
"हा एक शब्द महिन्याला एकशेचाळीस डॉलर खातो," म्हणतो,
"पण तो नसेल तर
तुमचा हात गेल्यावर ते विचारतील,
तोंड आहे ना शाबूत?"

हे मला मर्लनं सांगायला नको.
रुडी स्कोग्लुंडनी मला चिमटा धरायला शिकवलं.
चोपन्नाव्या वर्षी त्यांच्या बशीत कप वाजायला लागला.
आधी आम्ही हसलो.
इस्पितळानं फुकट दिलेला विमा होता त्यांचा,
बारीक टायपात 'कोणतेही काम' असं लिहिलेला.
कंपनीचं पत्र फार सभ्य होतं:
आपण शिकवू शकता. अहवाल वाचू शकता. फोनवर सल्ला देऊ शकता.
आता ते मॉलमध्ये चष्म्याचे नंबर काढतात,
भिंग फिरवतात नि दिवसभर विचारतात,
पहिलं बरं दिसतं, की दुसरं?

हातावर पोट म्हणतात ते आमचंच.
घराचा हप्ता हातावर, मुलीचं कॉलेज हातावर,
आणि हात काय,
सत्तावीस हाडं, थोडी कातडी, कॉफी जास्त झाली की रुसणारा.

मर्ल चौदाव्या प्रश्नाशी येतो.
गेल्या पाच वर्षांत मुंग्या, बधिरपणा, थरथर?

नोव्हेंबरात बर्फ उपसला त्या रात्रीपासून
डावी करंगळी पहाटे माझी नसते.
सहा वाजता परत येते,
उशिरा घरी आलेल्या पोरासारखी, काही न बोलता.
हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

मी सांगते.

मर्ल पेन कागदावरून उचलतो.
बोटीकडे बघतो. बोट कधीच गेलेली असते.
"माझ्या कानात जरा दडा बसलाय," म्हणतो,
"तुम्ही काही म्हणालात का?"

चांगला माणूस आहे. तीन नातवंडं आहेत.
हात दाखवून अवलक्षण, माझं मन म्हणालं.
दर महिन्याला हप्ता भरायचा
आणि दर महिन्याला त्या एका 'नाही'ला घाबरायचं,
असंही जगता आलं असतं. लोक जगतात.
"लिहा," मी म्हटलं. "डावी. करंगळी."

पाच आठवड्यांनी पॉलिसी आली.
माझा पाठीचा कणा तिच्यात आहे, दोन्ही डोळे आहेत,
मेंदूसुद्धा, दोन वर्षांच्या मर्यादेत.
वगळलंय ते
डाव्या कोपरापासून करंगळीच्या टोकापर्यंत,
हातभरही नाही.
हप्ता मात्र तेवढाच.

निळी, की करडी?
पहिलं बरं, की दुसरं?
मी सही केली. निळीवर.
शाळेत शिकवलं होतं, बेरजेत हातचा विसरायचा नाही;
तो वर, बारीक, कोपऱ्यात लिहून ठेवायचा.

मंगळवारी पहिला पेशंट
रेल्वेतून निवृत्त झालेला व्हर्न मॅटसन.
उजव्या हातात चिमटा.
डोळ्याच्या आत काळोख असतो, कुणाला खरं वाटत नाही,
दिवा आपणच आत न्यावा लागतो
केसाएवढ्या नळीतून.

तो डाव्या हातात असतो.